सुईचं कपाळ

आळे गावात भागूमावशीकडे ब्लाउज शिवायला टाकायचा तर आधी वार बघावा लागायचा. सोमवारी लाल आणि मरून, मंगळवारी हिरवा, बुधवारी पिवळा आणि त्याच्या आसपासचं सगळं, गुरुवारी निळा, शुक्रवारी पांढरा आणि काळा. शनिवारी उरलेसुरले रंग. गावातल्या बायकांना हे पाठ होतं. नवीन लग्न होऊन आलेल्या मुलींना मात्र माहीत नसायचं. एखादी बुधवारी हिरवं कापड घेऊन यायची आणि म्हणायची, "ताई, परवा हळद हाय, उद्यापर्यंत द्या."

मावशी मान न उचलता सांगायची, "हिरवा आता पुढल्या मंगळवारी. लई घाई असंल तर पिवळी साडी नेस. हळदीला तीच बरी दिसती."

यामागे कसलीही श्रद्धा नव्हती. मशीनच्या सुईतला दोरा दिवसातून एकदाच बदलता यायचा, म्हणून ही पद्धत पडली होती. काही वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत, चारा कापायच्या यंत्रात, मका घालताना मावशीच्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट राहिलं. त्यानंतर तिने डाव्या हाताने भाकरी थापायला घेतली, सही गिरवली, डाव्या हाताची कात्री पुण्याहून मागवली आणि शिवणकाम पुन्हा सुरू केलं. फक्त सुईत दोरा ओवणं जमलं नाही. डाव्या हातात दोऱ्याचं टोक धरलं की ते नेढ्याच्या आजूबाजूला फिरत राहायचं आणि दुसऱ्या बाजूने चिमटीत धरून ओढायला हातच नसायचा.

म्हणून साळुबाई, म्हणजे मावशीच्या सासूबाई, तिच्या आत्याबाई, सकाळी रानात जाण्यापूर्वी त्या दिवसाच्या रंगाचा दोरा ओवून द्यायच्या. वय सत्तरच्या पुढे, पण चष्मा नाही. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायच्या, एकदा डोळे बारीक करायच्या आणि दोरा आरपार. दिवसात मध्येच दोरा तुटला तर मात्र पंचाईत व्हायची. मग मावशी ओट्यावर येऊन रस्त्याकडे बघायची आणि जो कुणी दिसेल त्याला हाक मारायची, "पावणं, जरा वर या. दोरा तेवढा ओवून द्या."

गॅसचं सिलिंडर घेऊन येणाऱ्या गेणभाऊंना तर त्याची इतकी सवय झाली होती, की ते सिलिंडर उतरवून हात धुतल्याबरोबर मशीनकडे बघायचे. ओवून झालं की प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा: "एवढंच ना?" बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसायचं. पण ते ऐकून मावशीचा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलं आहे.

मी भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं आहे. त्या हिवाळ्यात एक परीक्षा देऊन निकालाची वाट बघत मी मावशीकडे राहायला आले होते. मी आले त्याच आठवड्यात मावशीने नवीन मशीन घेतलं.

आळेफाट्याला अरिहंतचं दुकान आहे. त्याच्या आजोबांनी, बन्सीलालजींनी, ते सुरू केलं तेव्हा तिथे फक्त शिवणाचे दोरे, बटणं आणि अस्तर मिळायचं. आता काचेमागे मशीनं मांडलेली असतात. मावशीने कुणाच्या तरी फोनवर आपोआप दोरा ओवणाऱ्या मशीनचा व्हिडिओ पाहिला होता. दुकानात तिने दुसऱ्या कुठल्याही मशीनकडे पाहिलंच नाही.

"ताई, ह्याच्यात तेवीस डिझाइनचे टाके आहेत," अरिहंत सांगू लागला.

"ते ऱ्हाऊ द्या. दोरा कसा ओवतं ते दावा."

त्याने दाखवलं. सुईच्या डाव्या बाजूला एक लहानसा खटका असतो. तो खाली दाबला की एक छोटी पट्टी सुईच्या जवळ येते. तिच्या टोकाला केसाएवढा बारीक हूक असतो. तो नेढ्यातून मागून पुढे येतो. आपण दोरा त्याच्यासमोर आडवा धरायचा. खटका सोडला की हूक मागे जातो आणि जाताना दोऱ्याचा वेढा नेढ्यातून ओढून नेतो. मग तो वेढा मागून बोटाने ओढून घेतला की झालं. त्याला चिमूट लागत नाही.

मावशीने मग स्वतः करून पाहिलं. खटका डावीकडे आणि तिचा चांगला हातही डावाच, त्यामुळे दोन्ही हात एकमेकांवरून न्यावे लागले. उजव्या हाताच्या करंगळीने खटका दाबायचा आणि डाव्या हाताने दोरा धरायचा. दोरा ओवला गेला. तिने तो काढला आणि पुन्हा ओवला, असं बराच वेळ केलं. दुकानात दुसरी गिऱ्हाइकं येऊन थांबली होती, पण अरिहंतने काही घाई केली नाही.

परत येताना गावात शिरता शिरता मावशी रिक्षातून शाळेजवळ उतरली आणि समृद्धी मॅडमना भेटून आली.

"काय सांगितलं?" मी विचारलं.

"हो म्हणले."

शाळेच्या स्नेहसंमेलनात चौथीची मुलं पाखरांचा नाच करणार होती. प्रत्येकाला साटनचे पंख हवे होते, एका पंखात सात रंगांच्या पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टी तिच्याच रंगाच्या दोऱ्याने शिवायची. मॅडम दर वर्षी असलं काही घेऊन मावशीकडे यायच्या आणि मावशी दर वर्षी नाही म्हणायची. मग ते काम फाट्यावरच्या टेलरकडे जायचं. कुट्टीच्या अपघातानंतर एकाहून जास्त रंगांच्या कामाला तिने पहिल्यांदाच हो म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी साळुबाईआजींनी मशीनची पूजा केली. हळद-कुंकू, अक्षता, एक शेवंतीचं फूल, नारळ. साटनला जरा बारीक, अकरा नंबरची सुई लागते म्हणून दुकानातली सुई बदलायची होती. सुई बसवायला चिमूट लागते, त्यामुळे ते काम नेहमीप्रमाणे आजींनीच केलं आणि त्या कांदालागणीला निघून गेल्या. मावशी समोर बसली, हात आडवे-तिडवे घातले, खटका दाबला. हूक आला आणि रिकामाच परत गेला.

दिवसभर तेच झालं. दोरा बदलला, दुपारी आजी जेवायला आल्या तेव्हा त्यांनी सुई बदलली, मी करून पाहिलं, मावशीचा नवरा भरतकाका टोमॅटोची गाडी नारायणगावला रिकामी करून आला, त्याने करून पाहिलं. काकाने खटका जरा जोरात दाबला तेव्हा कट्ट असा आवाज आला.

"मोडलं का काय?" काका म्हणाला.

"तुमी टेम्पोचा गिअर टाकल्यावानी करताय," मावशी म्हणाली. "सरका."

हूक वाकला होता. फोन केल्यावर अरिहंत स्वतः स्कूटरवरून आला. त्याने तो तुकडा काढून नवीन बसवला, खटका दाबला आणि तोही हूक रिकामाच परत गेला. त्याने कपाळावरचा घाम पुसला.

"दुकानात तर चाललं होतं, ताई. तुम्हीच केलं होतं."

"मंग आता काय झालं त्याला? फाट्यावरनं इथवर येताना विसरलं व्हय?"

"कंपनीत पाठवतो. पंधरा दिवसांत येईल."

संमेलन त्या शनिवारी होतं. मावशीने मशीनवर फडकं टाकलं आणि साटनच्या कापलेल्या पट्ट्या पिशवीत भरायला लागली.

"काय करतेस?" मी विचारलं.

"मॅडमला कापड परत देते. फाट्यावरच्या टेलरला अजून दोन-तीन दिवस तर मिळतील."

"अगं, मी आहे ना. मी प्रत्येक वेळी ओवून देते. तू फक्त शिवत जा."

तिने पिशवीची गाठ मारली, एका हाताने आणि दाताने. "तेजू, तुझ्या भरवशावर मी हो म्हणले न्हाई. पुण्याला गेलीस की पुढच्या वर्षी मी कुणाला हाक मारू? गेणभाऊला?" मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "मशीनच्या भरवशावर म्हणले व्हते."

मी तिच्याकडून एक सकाळ मागून घेतली. दुपारपर्यंत जमलं नाही तर कापड मीच शाळेत नेऊन देईन, असं सांगितलं.

सकाळी आजी रानात गेल्या नव्हत्या. त्यांच्या शेजारच्या मळ्यात रात्री बिबट्या दिसला होता आणि वनखात्याची माणसं येईपर्यंत तिकडे कुणी जात नव्हतं. त्या दारात बसून मेथी निवडत होत्या. मी मशीन उजेडात ओढलं. फोनचा कॅमेरा सुईच्या अगदी जवळ आणला आणि खटका दाबतानाचा व्हिडिओ संथ गतीत काढला. डोळ्यांना जे एका क्षणात घडताना दिसत होतं, ते आता सावकाश दिसलं. हूक सुईकडे येतो, नेढ्याच्या किंचित वर सुईच्या धातूला टेकतो, तिथेच थांबतो आणि मागे जातो. चूक होती अर्ध्या मिलिमीटरची, फार तर.

मी तो व्हिडिओ मावशीला दाखवला.

"म्हंजी हूक वर हाय?"

"किंवा सुई खाली आहे. हूक बदलून झाला. नवीन हूकही तिथेच लागतो, म्हणजे हूकात काही नाही. मग सुई खाली असणार."

"सुईपण बदलली की आपण."

"हो. म्हणून सुईतही काही नाही. सुई जिथे बसते तिथे काहीतरी आहे."

मावशीने फोन हातात घेऊन व्हिडिओ पुन्हा पाहिला. मग म्हणाली, "जुन्या मशीनमधी सुई बसवली की ठक्क लागायचं. आत्याबाईंनी बसवली की मला खोलीत ऐकू यायचं. ह्याच्यात न्हाई लागलं."

हे मला माहीत असण्याचं कारण नव्हतं. मी स्क्रू ढिला केला, सुई वर ढकलली. ती वर गेली, पण खरंच ठक्क लागली नाही. एखाद्या मऊ वस्तूवर टेकावी तशी थांबली. मी सुई बाहेर काढली आणि तिचं जाड टोक बोटावर घासलं. बोटाला केशरी-लाल डाग पडला.

मी मावशीकडे पाहिलं. तिने डाग पाहिला आणि मग दाराकडे पाहिलं. मेथी निवडण्याचा आवाज थांबला होता.

"मी लावते," आजी म्हणाल्या. "नव्या सुईला. बसवायच्या आधी."

"सुईला?" मी विचारलं.

"कपाळाला. वरल्या अंगाला. खाली तर तिला टोक हाय, तिथं कुठं लावू?"

शिलाई मशीनच्या सुईचं नेढं टोकाजवळ असतं, आणि दुसरी बाजू, जाड बाजू, मशीनच्या भोकात जाते. आजींच्या हिशेबाने डोळा खाली आणि कपाळ वर. त्या तेलात कालवलेलं हळद-कुंकू सुईच्या माथ्यावर लावत होत्या आणि ते ओलंच भोकात जात होतं. तिथे त्याचा थर बसला होता. सुई कितीही वेळा बदलली तरी तो थर तिथेच राहत होता, शिवाय प्रत्येक नवीन सुई तो थोडा वाढवत होती.

"जुन्या मशीनलाबी लावायचे की," आजी म्हणाल्या. "त्याला कदी काय झालं न्हाई."

"जुन्याला हूक नव्हता, आजी. सुई जरा खाली असली तरी तिथे अडायला काही नव्हतं."

मेथीची जुडी आजींच्या मांडीवर तशीच पडली होती.

मावशी खाली बसली आणि जुडी स्वतःकडे ओढली. ती माझ्याशी बोलत होती, पण आवाज आजींसाठी होता. "त्या दसऱ्याला सगळ्या हत्यारांना कुंकू लागलं. विळा, कुदळ, माझं मशीन. कुट्टी तेवढी राह्यली. गोठ्यात अंधारात व्हती, कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. आन् मंग दिवाळीच्या आधी माझा हात गेला. तवापासनं ह्या घरात नेलकटरलासुदिक कुंकू लागतं."

"तू हसू नको," आजी म्हणाल्या.

"हसत न्हाई. तुमचं कुंकू ह्या हाताला लागू पडलं, आत्याबाई. सुई एकदाबी टोचली न्हाई मला." मग ती माझ्याकडे वळली. "काढ ते."

मी आगपेटीची काडी तासून टोकदार केली, तिला कापूस गुंडाळला आणि रॉकेलमध्ये बुडवून भोकात फिरवली. पहिला बोळा गडद लाल निघाला, दुसरा केशरी. बोळे पांढरे निघेपर्यंत आजी बाजूला उभ्या राहून बघत होत्या.

"मंग आता कुठं लावू?" त्यांनी विचारलं.

माझ्या डोक्यात सरळ उत्तर होतं. मी म्हणाले, "सुईला लावा की, फक्त बसवायच्या आधी पुसून टाका."

आजींनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"कुंकू पुसायचं?" त्या म्हणाल्या. "ह्ये शिकवलं का तुला पुण्यात?"

मावशी आता खरोखर हसत होती. मी मशीनकडे पाहिलं आणि जरा विचार करून सुई आवळायचा स्क्रू त्यांना दाखवला. "ह्याला लावा. बाहेरून. सुईला हाच धरून ठेवतो. हा सुटला तर सुई पडते."

आजींनी स्क्रूचा माथा बोटाने चाचपला. "म्हंजी घरातला कर्ता ह्योच."

"हो."

"मंग आधीच सांगायचं." त्यांनी करंगळीने स्क्रूवर कुंकवाचा ठिपका ठेवला, चिमटीत नवीन सुई धरली आणि वर सारली. ठक्क.

ते तिघींनाही ऐकू आलं.

मी उठून बाजूला झाले. मावशी समोर बसली, मोरपंखी रंगाचं रीळ चढवलं, दोरा खाली आणला. उजवा हात डाव्यावरून नेला. करंगळीने खटका दाबला, दोरा आडवा धरला, खटका सोडला. सुईच्या मागे दोऱ्याचा एक लहानसा वेढा उभा राहिला. तिने तो बोटाने ओढला. दोरा लांब निघत गेला.

ती स्वतःशीच म्हणाली, "एवढंच व्हतं व्हय."

पिशवीची गाठ आजींनी सोडली.

शनिवारपर्यंत मशीन चालू होतं. मोरपंखी, हिरवा, पिवळा, नारिंगी. दर पट्टीला मावशी दोरा काढायची, नवीन ओवायची आणि शिवायला लागायची. सुरुवातीला मी मोजत होते, मग सोडून दिलं. गेणभाऊ सिलिंडर घेऊन आले, हात धुतले आणि सवयीने मशीनकडे वळले.

"दोरा तुटला असंल ना?"

"तुटला व्हता. ओवला मी."

"तुमी?"

"बसा, च्या घ्या."

ते बसले खरे, पण चहा पिताना मशीनकडे असे बघत होते जणू त्यांची नोकरी गेली.

संमेलनात पाखरांचा नाच चांगला झाला. एका पाखराची चोच पडली, पण तो पुठ्ठ्याचा भाग होता आणि आमच्याकडचा नव्हता. पंख एकही उसवला नाही. समृद्धी मॅडमनी पुढच्या वर्षीच्या फुलपाखरांबद्दल तिथेच विचारून ठेवलं आणि मावशीने तिथेच हो म्हटलं.

नंतर मावशीने जाहीर केलं की आता कुठलाही रंग कुठल्याही दिवशी चालेल. त्याचा फारसा उपयोग झाला नाही. हिरव्यावाल्या बायका मंगळवारीच येत राहिल्या, कारण इतक्या वर्षांत त्यांची आपसात ओळख झाली होती आणि मंगळवारी ओट्यावर गप्पा व्हायच्या. त्यांच्यातल्या धोंडाबाई तर म्हणाल्या, "माझी लाल साडी असली तरी मी मंगळवारीच आणीन."

आजींचं मात्र सकाळी काही ठरेना. इतकी वर्षं त्या अंघोळ झाली की मशीनपाशी यायच्या, मावशी रीळ पुढे करायची, दोघी त्या दिवसाचं बोलून घ्यायच्या आणि मग आजी रानात जायच्या. आता त्या यायच्या, स्क्रूवर ठिपका ठेवायच्या आणि उभ्या राहायच्या.

माझा निकाल लागला आणि पुण्याला परतायचं ठरलं, त्या गुरुवारची गोष्ट. चेतनाभाभींनी, म्हणजे अरिहंतच्या बायकोने, एका नाजूक रेशमी साडीला फॉल लावायला दिला होता. त्याला नऊ नंबरची सुई हवी होती. आजींनी ती बसवली. मावशी खटका दाबणार, इतक्यात मी तिचा हात धरला.

"थांब. ही फार बारीक आहे. नऊ नंबरच्या नेढ्यातून हूक जातच नाही. दाबलंस तर मोडेल. मशीनच्या पुस्तकात लिहिलंय, बारीक सुईला हे चालत नाही."

मावशीने खटक्यावरची करंगळी काढून घेतली. क्षणभर मला वाटलं तिला वाईट वाटलं. पण ती सुईकडे बघत नव्हती, आजींकडे बघत होती. आजी दारात रानात निघायच्या तयारीने, डोक्याला फडकं बांधून उभ्या होत्या.

"आत्याबाई, हे मशीनला जमत न्हाई म्हणती ही."

"काय जमत न्हाई?"

"बारीक सुई."

आजींनी डोक्याचं फडकं सोडून खुंटीवर ठेवलं आणि स्टूल ओढून बसल्या. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, डोळे बारीक केले. दोरा आरपार गेला.

"एवढ्या पैशाचं मशीन," त्या म्हणाल्या, "आन् नऊ नंबर येत न्हाई त्याला. असलं सगळं गुरुवारी ठेवत जा."

मावशीने हो म्हटलं आणि रेशमाचा काठ सुईखाली सरकवला. आजी लगेच उठल्या नाहीत. शेजारच्या मळ्यात बिबट्यासाठी लावलेल्या पिंजऱ्याचं काय झालं ते सांगत बसल्या.